अर्धांगवायूनंतरचे नैराश्य: दोष शरीराचा किती, घरादाराचा किती?

आपल्या पत्रातील हकिकत थोडक्यात अशी आहे. आपले वडील ७२ वर्षांचे असून सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, म्हणून त्यांनी उभे आयुष्य काढले. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात व पाय कमजोर झाला. काठीच्या आधाराने ते घरातल्या घरात चालतात. परंतु गेले काही महिने त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले आहे, अन्नावरची वासना उडाली आहे, पहाटे तीनला जाग येते आणि मग ते नुसते बसून राहतात. विचारले तर तेलुगूत एवढेच म्हणतात की, आता माझा काय उपयोग. शेजारीपाजारी सांगतात की वय झाले, अंग गेले, असे होणारच. मात्र मागच्याच गल्लीतील एका गृहस्थांचे दोन्ही पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावे लागले असूनही ते पिठाच्या गिरणीच्या गल्ल्यावर बसून दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. हा फरक केवळ स्वभावाचा आहे का, आणि वडिलांना पुण्याला आपल्याकडे न्यावे का, असे आपण विचारले आहे.

स्वभावाचा वाटा असतोच, तो मी नाकारत नाही. परंतु सोलापुरात इतकी वर्षे वृद्धांवर मनोविकारांचे उपचार केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, उतारवयात माणूस खचतो तो बहुतेक वेळा अवयव निकामी झाल्यामुळे तितका खचत नाही, जितका त्या अवयवामुळे चार माणसांतली त्याची जागा गेल्यामुळे खचतो. आणि ती जागा जाणे किंवा राहणे हे आजारापेक्षा घराची रचना, हाती असलेला पैसा, गल्लीतली माणसे आणि घरच्यांचे वागणे यांवर अधिक ठरते. गिरणीवाल्या गृहस्थांचे पाय गेले, गल्ला गेला नाही. आपल्या वडिलांचा पाय तुलनेने बरा आहे, पण त्या पायाबरोबर त्यांचे बाकीचे सगळेच गेले असावे असे पत्रावरून दिसते.

हे केवळ माझे वैयक्तिक निरीक्षण आहे असे समजू नये. लंडनच्या गॉस्पेल ओक या वस्तीतील वृद्धांचा मार्टिन प्रिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: शरीरातील बिघाड, त्यामुळे जी कामे जमेनाशी होतात ती असमर्थता, आणि त्या असमर्थतेमुळे माणसाच्या रोजच्या जगण्यात व लोकांमधील वावरात पडणारी तूट. नैराश्याशी सर्वांत घट्ट संबंध या तिसऱ्या गोष्टीचा निघाला; ती हिशेबात घेतली की पहिल्या दोहोंचा नैराश्याशी दिसणारा संबंध पुष्कळच फिका पडत होता. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाचे जे नवे वर्गीकरण स्वीकारले, त्यात शरीराच्या कार्याबरोबर माणसाचा सहभाग आणि भोवतालची परिस्थिती यांनाही अधिकृत स्थान मिळाले. आपल्याकडील अपंगत्वाच्या दाखल्याची पद्धत मात्र अजून मुख्यतः शरीरच मोजते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. समजा दोन वृद्धांच्या दाखल्यावर ५० टक्के हाच आकडा आहे. त्यांतला एक जुळे सोलापूर या वस्तीत तळमजल्यावर राहतो, त्याच्या घरात कमोड आहे आणि फाटकाबाहेर रिक्षा उभी राहते. दुसरा पूर्व भागात खाली माग आणि वर दोन खोल्या अशा घरात राहतो, जिना अरुंद आहे आणि शौचालय खाली अंगणाच्या टोकाला आहे. दाखला दोघांनाही समान मानतो, पण त्यांचे दिवस मुळीच सारखे जात नाहीत.

आपण लिहिले आहे की आपले सोलापूरचे घर मागाच्या शेडवर, वरच्या मजल्यावर आहे आणि झटका आल्यापासून वडील फक्त दवाखान्यासाठीच खाली उतरले आहेत. मला त्या जिन्याविषयी वडिलांच्या रक्तदाबाइतकेच जाणून घ्यावेसे वाटते: किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला आहे, आणि तो त्यांच्या चांगल्या हाताच्या बाजूला येतो की नाही. चढताना कठडा डाव्या हाताला असेल, तर उतरताना तो उजव्या, म्हणजे लुळ्या हाताला येतो, आणि म्हणूनच असे रुग्ण वर जातात ते वरच राहतात. दुसऱ्या बाजूला एक पाइप बसवण्याचा खर्च वेल्डर सांगेल तेवढाच. महिन्याच्या औषधांपेक्षा तो बहुधा कमीच असतो, तरीही ही गोष्ट घरी सुचत नाही, कारण वडिलांनी खाली उतरण्याची काही गरज आहे असे कोणालाच वाटत नसते. जेवण वर येते, औषध वर येते, टीव्ही वर आहे. खाली फक्त जग आहे.

खाली काय होते ते आता आठवून पाहावे. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर बरोबरीच्या चार माणसांबरोबरचा चहा. माग अडला की तरुण कामगारांनी येऊन त्यांना विचारणे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात आपल्या ठरलेल्या जागी उभे राहणे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांना घेऊन जाणे. यांतले एकही काम डॉक्टरी अर्थाने महत्त्वाचे नाही. पण जॉबर म्हणजे ज्याच्या कानाला मागाच्या आवाजावरून बिघाड कळतो तो माणूस, आणि तो कान झटक्याने गेलेला नाही. हाताने पाना धरता येत नाही म्हणून त्यांना विचारणेच बंद झाले असेल, तर ती तूट मेंदूतील रक्तवाहिनीने घडवलेली नाही. ती आपण सर्वांनी मिळून घडवली आहे, आणि म्हणूनच ती काही प्रमाणात भरूनही काढता येते.

आता घरच्यांच्या मदतीविषयी, कारण येथे चांगल्या हेतूने फार नुकसान होताना मी पाहिले आहे. आधार देणारी माणसे जवळ असली की अपंगत्वाचा मनावरील आघात कमी होतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यात एक बारकावा आहे. प्रत्यक्ष किती मदत मिळते यापेक्षा, वेळ पडली तर आपल्यामागे कोणी आहे असे त्या माणसाला वाटते की नाही, याचा मनावरील परिणाम मोठा असतो. आणि न मागता, न थांबता केलेली मदत कधीकधी उलट परिणाम करते, कारण तीतून आपण निरुपयोगी असल्याचा निरोप रोज मिळत राहतो. विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीतील एका आजी माझ्याकडे आल्या होत्या. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना जमिनीवर मांडी घालून बसता येईना, म्हणून सुनेने त्यांचे सूप आणि कात्री माळ्यावर ठेवून दिली. सून प्रेमळ होती, तिने शब्दानेही दुखावले नव्हते. पण लग्न झाल्यापासून आजींचा दिवस हजार विड्यांच्या हिशेबाने चालत आला होता, हजारामागे मिळणारी मजुरी त्यांच्या स्वतःच्या हातात पडत होती आणि त्यातून नातीला देण्यापुरते पैसे त्यांच्या कनवटीला असत. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात त्यांनी नातीला जवळ बोलावणेही सोडले, कारण आता द्यायला काही नव्हते. तंबाखूच्या धुळीत बसण्याचे काम मी कोणालाही उपाय म्हणून सांगणार नाही, आणि त्यांनाही सांगितले नाही. त्यांना खुर्ची आणि खुर्चीच्या उंचीचे एक टेबल दिले, शेंगा सोलणे व चटणीसाठी निवडणे हे काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवले, सुनेच्या विड्यांचा हिशेब त्यांच्या वहीत आला, आणि सरकारी अनुदानाचे पैसे खात्यावर जमा झाले की त्यांतील ठरावीक रक्कम त्यांच्याच हातात द्यायची असे घरात ठरले. सोबत औषध चालू होतेच. त्यांतील कशाने किती गुण आला हे वेगळे काढता येत नाही. पण अनुदानाचे पैसे हाती येऊ लागल्यावर नात पुन्हा आजीच्या खाटेवर बसू लागली, ही गोष्ट सुनेनेच मला सांगितली.

पैशाचा उल्लेख आलाच आहे तर तो टाळून पुढे जाऊ नये. कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतील अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले. या रकमांत औषधेही भागत नाहीत हे खरे, तरी ही रक्कम वृद्धाच्या स्वतःच्या नावावर येते की मुलाच्या हातून येते याने त्याच्या घरातील शब्दाला वजन येते किंवा जाते. ज्यांची बोटे आयुष्यभर सूत, विडी किंवा विटा हाताळून झिजली आहेत त्यांचा अंगठा पैसे काढताना ओळख पटवणाऱ्या यंत्रावर उमटत नाही, मग दोनतीन हेलपाटे होतात, आणि ज्याला जिना उतरवत नाही तो हेलपाट्याला कंटाळून अनुदान सोडून देतो. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंत निम्मे भाडे आहे. गाडीची पहिली पायरी मात्र अशी उंच असते की ज्यांच्यासाठी सवलत आहे त्यांतील पुष्कळांना ती चढताच येत नाही.

स्त्री-पुरुषांमध्येही फरक दिसतो. आपल्याकडील बहुतेक वृद्ध पुरुषांना मनातले बोलायला पत्नीशिवाय कोणी नसते, त्यामुळे ती गेल्यावर आलेले अपंगत्व त्यांना फार लवकर खाली ओढते. वृद्ध स्त्रियांना बोलायला माणसे असतात, परंतु त्या आयुष्यभर इतरांची सेवा करत आलेल्या असल्याने स्वतःची सेवा करून घेणे त्यांना लाज वाटण्याजोगे वाटते. यातून एक प्रकार घडतो जो डॉक्टरांच्याही सहज लक्षात येत नाही: सुनेला सारखे उठवायला नको म्हणून आजी पाणी पिणेच कमी करतात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, नळाला काही दिवसांआड पाणी येते म्हणून घरात पाणी जपून वापरण्याची सवयच असते, आणि मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, गुंगी, असंबद्ध बोलणे हे सगळे एकदम येते. घरचे म्हणतात की आजींच्या डोक्यावर परिणाम झाला. खाटेजवळ रात्री वापरण्याची कमोडची खुर्ची ठेवली असती तर यातले बरेचसे टळले असते.

वयाचा प्रश्न उरतो. पाय ५८ व्या वर्षी गेला तर माणूस अधिक खचतो आणि ८० व्या वर्षी गेला तर कमी, असे पुष्कळदा दिसते, कारण ५८ व्या वर्षी बरोबरीचे सगळे धावत असतात आणि ८० व्या वर्षी कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या हाती काठी असते. म्हणूनच "वय झाले, असे होणारच" हे शेजाऱ्यांचे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. नैराश्य हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग नाही. तरीही या समजुतीमुळे किती रुग्ण उपचाराविना राहतात याचा अंदाज देशातील मोठ्या पाहणीवरून येतो: २०१७-१८ मध्ये ७२,००० हून अधिक व्यक्तींची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिच्यात प्रश्नावलीच्या निकषांवर साठीपुढील सुमारे ८ टक्के लोक नैराश्याच्या व्याख्येत बसत होते, आणि डॉक्टरांनी आपल्याला तसे निदान सांगितले आहे असे म्हणणारे एक टक्काही नव्हते.

एवढे सगळे सामाजिक परिस्थितीविषयी लिहिले म्हणून शरीराची बाजू कोणी सैल सोडू नये. मेंदूच्या झटक्यानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते, आणि त्यात मेंदूला झालेल्या इजेचाही वाटा असतो. त्यातही आपल्या वडिलांची उजवी बाजू गेली आहे, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागात आहे, जेथे बहुतेकांचे भाषेचे केंद्र असते. त्यामुळे ते बोलत नाहीत याचे एक कारण शब्द न सापडणे हेही असू शकते. हे घरीच ढोबळपणे पाहता येईल: चमचा, किल्ली, घड्याळ दाखवून त्यांची नावे तेलुगूत विचारावीत. नाव ओठांवर येऊन अडत असेल, एका वस्तूला दुसरीचे नाव दिले जात असेल, तर वाचोपचार तज्ज्ञाची गरज आहे, आणि त्या अडचणीची लाज वाटून गप्प बसणे हे नैराश्यासारखेच दिसते. शिवाय थायरॉइड, बी-१२, रक्तातील सोडियम व साखर तपासून घ्यावी, कानात मळ किंवा बहिरेपणा नाही ना, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला नाही ना हे पाहावे, आणि लुळ्या बाजूचा खांदा दुखतो का हे मुद्दाम विचारावे. अर्धांगवायूनंतर खांदा फार दुखतो, आणि वृद्ध माणसे दुखणे न सांगता झोप लागत नाही एवढेच सांगतात.

चक्र उलट्या दिशेनेही फिरते. मन खचले की व्यायाम थांबतो, स्नायू आणखी सुकतात, पडण्याची भीती वाढते, आणि सहा महिन्यांपूर्वी जो पाय दहा पावले टाकत होता तो पाच टाकू लागतो. म्हणून नैराश्याचे औषध लांबणीवर टाकून "आधी पाय बरा होऊ दे" असे म्हणणे योग्य नाही. पहाटे तीनला जाग येणे, अन्नावरची वासना जाणे आणि आपण निरुपयोगी आहोत असे म्हणणे ही लक्षणे इतके महिने टिकली असतील तर औषधाचा विचार करावाच लागतो. ती औषधे व्यसन लावत नाहीत. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. वृद्धांत ती कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. पहिल्या काही आठवड्यांत काहींच्या रक्तातील सोडियम उतरते, त्यामुळे औषध सुरू केल्यानंतर गुंगी किंवा गोंधळ दिसला तर तपासणी करून घ्यावी. जुन्या पद्धतीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते आणि उभे राहताना चक्कर येते, त्या आपल्या वडिलांसारख्या रुग्णात मी शक्यतो टाळतो. मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी तर कृपा करून देऊ नये. काठीवर चालणारा माणूस रात्री त्या गोळीमुळेच पडतो.

औषधाशिवायच्या उपायांना पुरावा नाही अशी एक समजूत आहे, तीही खरी नाही. गोव्यात साठी ओलांडलेल्या आणि नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ लोकांवर एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणे, झोपेच्या सवयी सुधारणे, आजारांची काळजी घ्यायला शिकवणे आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे एवढेच केले. वर्षभरात ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यापैकी सुमारे ४ टक्क्यांना पुरते नैराश्य आले, ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्क्यांना आले. योजनेचा फॉर्म भरून देणे हा तेथे उपचाराचाच भाग होता, हे मला त्यातले विशेष वाटते.

पुण्याला न्यावे का? तूर्त नेऊ नये असे मी म्हणेन. आपल्या आईचे वय झाले आहे, सगळा भार तिच्यावर आहे, आणि मुलगा म्हणून आपल्याला अपराधी वाटते, हे समजते. परंतु पुण्यातील सदनिकेत लिफ्ट आणि कमोड असले तरी आपण दोघे सकाळी कामावर गेल्यावर तेलुगूत बोलणारे तेथे कोणी नाही, आणि खाली उतरून ओळखीचा चेहरा दिसणार नाही. सोलापुरात अडचण जिन्याची आहे. पुण्यात ती माणसांची होईल, आणि तिला कठडा बसवता येत नाही. पुण्यात जो खर्च होईल तेच पैसे येथे आईच्या मदतीला दिवसातून काही तास येणाऱ्या माणसावर खर्च करावेत. शक्य असल्यास खालच्या मागाच्या शेडमधील रस्त्याकडची बाजू मोकळी करून वडिलांची खाट तेथे आणावी. उन्हाळ्यात तर वरच्या पत्र्याखालून त्यांना हलवणे प्रकृतीसाठीही आवश्यक आहे. माग बंद पडला की त्यांना विचारा असे कामगारांना सांगून ठेवावे, मात्र खोटे खोटे विचारू नये, त्यांना ते क्षणात कळेल. आईची प्रकृती बिघडली किंवा ती एकटी पडली तर पुण्याचा निर्णय पुन्हा विचारात घ्यावा लागेल, तेव्हाही आधी महिनाभर पाहुणे म्हणून नेऊन पाहावे आणि सोलापूरचे घर मोडू नये.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. वडिलांनी जेवण पूर्ण सोडले, गोळ्या साठवून ठेवलेल्या आढळल्या, किंवा देवाने न्यावे या बोलण्याची जागा स्वतःहून काही करण्याच्या बोलण्याने घेतली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. तसे करणे जमेपर्यंत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. त्यांना असे विचार येतात का हे सरळ विचारण्यास घाबरू नये. विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट बोलल्याने बहुतेकांना हलके वाटते.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्यावी, त्यात आयुर्वेदिक काढे आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्याही असाव्यात. झटक्याच्या वेळचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय असेल तर तो न्यावा. तेलुगू जाणणारा नातेवाईक सोबत असावा; तो आपली आई नसेल तर बरे, कारण पत्नीसमोर असे रुग्ण तिच्यावरच्या ओझ्याविषयी बोलत नाहीत. वडिलांना तपासताना डॉक्टरांनी आपल्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले तर बसावे.